गार्ड कुणी काढलं

आई,

आम्ही घर घेतलंय. आयर्लंडमध्ये, एका लहान गावात. दगडी भिंतींचं, उतरत्या छपराचं, जुनं. आधीचे म्हातारा-म्हातारी गेल्यावर बरीच वर्षं ते बंद होतं. खालच्या खोलीची लाकडी जमीन एका बाजूला कुजली आहे, पाय टाकला की दबते. मागच्या दाराची चौकट ओल धरून फुगलेली आहे आणि तिच्यात कुणीतरी कधीकाळी ठोकलेले लोखंडी बोल्ट गंजून अडकून बसले आहेत. इथे सुताराला बोलावलं की तो आधी येऊन बघून जातो, मग तीन महिन्यांनंतरचा दिवस देतो, आणि त्या दिवशी येईलच असं नाही. दोघे असे येऊन गेल्यावर नवरा म्हणाला, आपणच करू. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता, कारण आमच्या दोघांत मशीन हातात धरलेली मीच. त्याच्या घरी भिंतीत खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावत.

मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मशीनांची यादी केली. भिंती दगडी, म्हणजे साधं ड्रिल चालणार नाही, हॅमर ड्रिल लागेल. फळ्या कापायला गोल करवत. जमीन घासायला सँडर. आणि ते बोल्ट कापायला ग्राइंडर. हा चौथा शब्द लिहिताना माझा हात थांबला, आणि नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हापासून तू डोक्यात आहेस. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, फोनवर तू थंडीचं विचारायचीस आणि मी जेवणाचं सांगायचे. त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते नीट कळत नाही. मशीनांपासूनच करते.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपली पत्र्याची शेड, तिच्यात बाबा खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवायचे. त्या सुमाराला आजूबाजूला मुंबईच्या लोकांची फार्महाऊस उठत होती आणि गेटांच्या कामाला तोटा नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका शेडमध्ये आले, सोबत जुनी मशीनं घेणारा एक माणूस होता. काका तुला म्हणाले, "वहिनी, मशीनं पडून गंजतील. आत्ताच देऊन टाका." तू दारात उभी होतीस. म्हणालीस, "एका बंगल्याचं गेट अर्धं हाय. ते झालं की बगू." ते गेट होईपर्यंत दुसरं आलं, आणि काकांनी पुन्हा विषय काढला नाही.

बाबांच्या हाताखाली एकच कारागीर होता, वेल्डिंग करणारे मिस्त्री. बाबांपेक्षा वयाने मोठे, पळसदरीहून यायचे, बोलणं कमी. तू त्यांना म्हणालीस, "मिस्त्री, मला शिकवा." ते दोन दिवस काही बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाबांचे चामडी हातमोजे आणून तुझ्यासमोर ठेवले. तोवर तू भाताची लावणी केली होतीस, कापणी केली होतीस, पण विजेवर चालणारं म्हणून घरातल्या मिक्सरपलीकडे कशाला हात लावला नव्हता. साडीवर बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्याला फडकं. मी शाळेतून येते तेव्हा तू रस्त्याकडे पाठ करून ग्राइंडर चालवते आहेस, ठिणग्या भिंतीवर जाताहेत, आणि रस्त्यावरच्या गाड्या तुझ्यापाशी आल्या की हळू होताहेत. एकदा एका गाडीतल्या बाईने उतरून तुझा फोटो काढला. तू मशीन बंद केलंस, तिला म्हणालीस, "काम हाय का काय?" ती नाही म्हणाली. तू पुन्हा मशीन चालू केलंस.

मी अकरावीत असताना आपला जुना ग्राइंडर जळला आणि नवा घ्यायला तू मला खोपोलीला घेऊन गेलीस. दुकानदाराने आधी तुझ्याकडे आणि मग तुझ्यामागे बघितलं, कुणी पुरुषमाणूस आहे का ते. म्हणाला, "ताई, मिस्त्रीलाच पाठवा ना. त्याला कळेल काय पाहिजे ते."

"मिस्त्री कामात हाय," तू म्हणालीस. "तुमी चालू करून दाखवा."

त्याने खोका उघडला. तू मशीन हातात घेतलंस, दोन्ही हात लांब करून तसंच धरून उभी राहिलीस, बराच वेळ. मग ते रिकामंच फिरवलंस आणि कान त्याच्याकडे करून ऐकत राहिलीस. बंद केल्यावर ते थांबायला किती वेळ घेतं ते बघितलंस, हवा जायच्या फटींशी नाक नेऊन वास घेतलास, आणि चकती बसते तो दांडा चिमटीत धरून हलवून पाहिलास. मला फार लाज वाटत होती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि सगळे तुझ्याकडे बघत होते. पहिलं मशीन तू परत दिलंस, दुसरंही दिलंस, तिसरं घेतलंस. दुकानदाराने विचारलं, "त्या दोघांत काय वाईट होतं?"

"पैल्यात खरखर हाय. दुसरं चांगलं हाय, पन माज्या हाताला जड हाय. तुमच्या हाताला नसंल."

तो हसला. त्यानंतर आपण कधी गेलो तर तो तुला बसायला स्टूल द्यायचा. येताना एसटीत तू खोका मांडीवर घेऊन बसली होतीस. मला म्हणालीस, "मशीन घेताना निस्ती कंपनी बगायची नाय गं. आपला हात बगायचा. दमल्यावर सुटंल का ते बगायचं." मी खिडकीबाहेर बघत होते. पण ऐकलं होतं, कारण आज ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

आता ते दुसरं सांगायला हवं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. वीस वर्षांची होते आणि मशीनांबद्दल मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं, कारण तू चालवायचीस आणि मी त्यांचं गणित शिकत होते. एका मोठ्या गेटच्या आतल्या कोपऱ्यात पाइपाचा जोड कापायचा होता. ग्राइंडरच्या चकतीवर लोखंडी गार्ड असतं ते कोपऱ्यात शिरत नव्हतं. मी गार्ड काढलं. त्याचा स्क्रू हरवू नये म्हणून ड्रेसच्या खिशात टाकला. मिस्त्रींनी पलीकडून बघितलं आणि म्हणाले, "गार्ड लाव." मी म्हटलं, "एकच मिनिट, मिस्त्रीकाका." तेवढ्यात तू आलीस आणि पाइप हलू नये म्हणून पलीकडचं टोक धरून उभी राहिलीस. मी तुला थांब म्हटलं नाही. चकती जोडात अडकली आणि फुटली.

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज किती मोठा झाला ते तुला माहीत आहे. मी मशीन टाकून दिलं. त्या मशीनचं बटण पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहायचं, त्यामुळे ते जमिनीवर पडूनही फिरत राहिलं. तू आधी बोर्डाशी जाऊन ते बंद केलंस आणि मग स्वतःच्या हाताकडे बघितलंस. चकतीचा तुकडा डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंतची अर्धी वाट चिरत गेला होता. तू डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलंस. गेटवाल्या बंगल्याचे दोघेजण माप बघायला आले होते, ते तसेच उभे होते. तू विचारलंस, "गार्ड कुनी काढलं?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी पुष्कळदा तपासून बघितलं आहे आणि माझी खात्री आहे की मी तोंड उघडलं होतं. पण मिस्त्री आधी बोलले. "मी काढलं. कोपऱ्यात शिरत नव्हतं."

तू त्यांना त्या दोघांसमोर बोललीस. "पोरीच्या हातात बिनगार्डाचं मशीन दिलंत? एवडी वर्सं झाली तुमाला, तुमाला कळाया नको?" तुला सगळं शिकवलेला माणूस, तुझ्याहून वीस वर्षांनी मोठा, मान खाली घालून उभा राहिला. मी टेंपो बघायला रस्त्यावर धावले. कर्जतला डॉक्टरने नऊ टाके घातले, तेव्हा मी तुझा दुसरा हात धरून बसले होते आणि तू मला म्हणत होतीस, "रडू नको गं, डोळ्याला गॉगल होता ना माज्या." घरी येऊन मी पिठलं-भात केला. आपण दोघीच जेवत होतो. तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठ दिवस आले नाहीत, आणि बांधलेल्या हाताने तू त्यांचंही काम करत होतीस. मला वाटलं, आता सांगितलं तर गार्डचंही सांगावं लागेल आणि मिस्त्री माझ्यामुळे गेले तेही. मग सुट्टी संपली आणि मी पुण्याला हॉस्टेलवर गेले. फोनवर सांगू असं ठरवलं. मग ते जुनं झालं.

परदेशी निघाले तेव्हा तू माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे एक गॉगल ठेवलास, मशीन चालवताना घालायचा, नवा. मी म्हटलं, आई, मी तिकडे कॉम्प्युटरवर बसणार आहे. तू म्हणालीस, "असूं दे." गाडी दारात उभी होती. तू विचारलंस, "तुजं काय सांगायचं राहिलं का गं?" मला वाटलं, किल्ल्या, कागद, बँकेचं काही. मी म्हटलं, "नाही. सगळं झालं." तू म्हणालीस, "बरं." नंतर दरवर्षी मी यायचे तेव्हा दुसऱ्या दिवशी तू मला शेडमध्ये न्यायचीस, स्टुलावर बसवायचीस, आणि स्वतः काहीतरी घासत, पुसत बसायचीस. बोलायची नाहीस. मला वाटायचं, आईकडे आता बोलायला काही उरलं नाही. मी मोबाइल बघत बसायचे.

तू आजारी पडलीस ते तू शेवटपर्यंत फोनवर साधंच सांगितलंस, आणि मी पोचले तेव्हा तुला जाऊन तिसरा दिवस होता.

गेल्या हिवाळ्यात मी कर्जतला आले होते. शेड एकाला मोटरसायकलींच्या गॅरेजसाठी द्यायची होती, त्याचे कागद करायचे होते. घराचं नक्की झालं होतं, म्हणून म्हटलं मिस्त्रीकाकांना भेटू, मशीनांचं विचारू. पळसदरीला गेले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, मोतीबिंदूचं झालंय, ओटीवर खुर्ची टाकून बसलेले असतात. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं करंट केवडा असतो?"

"आपल्याएवढाच, काका. पिन तेवढी वेगळी."

"मंग हितनंच ने की."

मी म्हटलं, सामानात वजन होतं, आणि बॅटऱ्या मोठ्या बॅगेत नेऊ देत नाहीत. ते म्हणाले, "ड्रिल बॅटरीचं घे, शिडीवर चढून करायचं तर वायर पायात नको. ग्राइंडर वायरचा घे. आनि बटन असं बग, हात सुटला की बंद झालं पायजे. आपल्याकडं तसं नव्हतं." इथे ते थांबले. मग मी म्हटलं, "काका, ते गार्ड मी काढलं होतं. तुम्ही तुमच्यावर का घेतलंत?"

तेवीस वर्षांत मी ते पहिल्यांदा कुणासमोर तरी म्हटलं. त्यांच्यासाठी त्यात नवं काहीच नव्हतं. म्हणाले, "तू परत मशीनला हात लावला नसतास. तिनं लावू दिला नसता. मला वाटलं, माजं काय जातंय." आणि मग अगदी सहज म्हणाले, "पन तुज्या आईला ठावं होतं की."

मी विचारलं, कसं. त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तू एका हाताने कपडे धुवायला घेतलेस, माझ्या ड्रेसच्या खिशात तुला गार्डचा स्क्रू मिळाला. त्याच दुपारी तू गाडी पकडून पळसदरीला गेलीस. मला तू बाजारात जाते म्हणून सांगितलं असशील, मला आठवत नाही. त्यांच्या ओटीवर तू तो स्क्रू ठेवलास आणि म्हणालीस, "मिस्त्री, चुकलं माजं. मी तुमाला लोकांदेकत बोलले." ते म्हणाले, पोर आहे, सोडून दे. तू म्हणालीस, "मी तिला इचारनार नाय. ती सांगंल."

मी म्हटलं, "पण मग तुम्ही आठ दिवस का आला नाहीत? तुम्हाला लागलं होतं ना ते बोलणं?"

"लागलं तर. पन त्याच्यासाटी नाय. भाच्याचं लगीन होतं." ते हसले. "आदीच सांगून ठेवलेलं तुज्या आईला." मग त्यांनी विचारलं, "सांगितलंस का तू तिला, कदी?"

"नाही, काका."

त्यांची सून चहा घेऊन आली. चहा झाल्यावर ते पुन्हा म्हणाले, ग्राइंडर वायरचाच घे. मी त्यांच्या पाया पडले आणि स्टेशनवर येऊन बसले. गाडीला अवकाश होता. समोर डोंगर होता आणि मी हिशोब करत होते की तू किती वर्षं वाट बघितलीस. चौदा. दरवर्षी मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसून तू घासत काय होतीस ते मला आठवेना. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते पुरेसं नाही, आणि त्याहून जास्त लिहिलं तर खोटं होईल. मी बसून राहिले, एवढं खरं.

गेल्या शनिवारी इथल्या दुकानात गेलो. गोदामाएवढं दुकान आहे, मशीनांची एक अख्खी रांग. विकणारा साठीच्या आसपासचा, कामाचे हात असलेला माणूस. तो आपला नवऱ्याला समजावू लागला, कुठलं किती ताकदीचं, कुठल्याला किती वर्षांची हमी. नवऱ्याने शांतपणे माझ्याकडे बोट केलं. मग मी विचारायला लागले. हॅमर ड्रिल चालू करून बघू देता का, म्हटलं. मी ते हात लांब करून धरलं आणि तशीच उभी राहिले. मनगट थरथरायला लागलं तेव्हा खाली ठेवलं आणि त्याच्याहून लहान मागितलं. त्याने ते आणून दिलं. करवत पाहिली, तिचा आवाज ऐकला. फटींशी नाक नेऊन वास घेतला तेव्हा तो हातातलं काम टाकून बघत राहिला. ग्राइंडर मी शेवटी घेतला. वायरचा. त्याचं गार्ड स्क्रूवर नाही, खटक्यावर फिरतं, कोपऱ्यात शिरायचं असेल तर काढावं लागत नाही, नुसतं वळवायचं. हाताखालची पट्टी दाबून धरली तरच तो चालतो, सोडली की थांबतो. मी ती दहा वेळा दाबून सोडून बघितली.

रविवारी मागच्या दाराचे चारही बोल्ट कापले. नवरा पलीकडून चौकट धरायला आला, त्याला मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहा म्हटलं. तो गेला. काम अर्ध्या तासात झालं. मग कुजलेल्या फळ्या उचलल्या. खालच्या तुळया बघितल्या, एक सोडून बाकीच्या चांगल्या आहेत. म्हणजे घर टिकेल. नवी चौकट पुढच्या आठवड्यात बसवू.

गार्ड मी काढलं होतं, आई. मिस्त्रींनी नाही. तुला माहीत होतं, पण माझ्याकडून तुला कळायचं राहिलं होतं.

आणखी एक झालं, तेही लिहून टाकते. दुकानात बिल करताना त्या माणसाने मला विचारलं, मशीन असं बघायला कुणी शिकवलं तुम्हाला? त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. त्याने मान डोलावली आणि मशीनं पिशव्यांत भरली. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "तुला तर आईंनी शिकवलं ना?" मी म्हटलं, हो. सांगायला सोपं पडलं. त्याने गाडी सुरू केली. आम्ही घरी आलो.

तू असतीस तर हे पत्र मी लिहिलं नसतं, हेही खरं आहे.